इतिहासाची उजळणी आणि संगणकीय खेळ

शिकवून झालेला इतिहास विद्यार्थ्यांनी पुन्हा आठवावा, घटना, व्यक्ती, काळ व कारणे यांची परस्परांशी जुळणी करावी, या हेतूने संगणकावर, भ्रमणध्वनीवर किंवा वर्गातील पडद्यावर जे खेळ खेळले जातात त्यांना इतिहासाच्या उजळणीचे संगणकीय खेळ म्हणता येते. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार प्रश्नोत्तरांच्या खेळांचा. त्यात योग्य पर्याय निवडणे, जोड्या लावणे, घटनांचा क्रम लावणे असे खेळ येतात. दुसरा प्रकार भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा. त्यात खेळाडू एखाद्या काळातील प्रवासी, सेनापती किंवा राज्यकर्ता होऊन निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे परिणाम पाहतो. शाळांमध्ये पहिला प्रकार अधिक प्रचलित आहे, कारण तो तासिकेच्या वेळात बसतो व त्याला खर्च कमी येतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रकार अधिक समृद्ध आहे.

महाराष्ट्रात या विषयाला माध्यमिक शालान्त परीक्षेची पार्श्वभूमी आहे. बीडसारख्या जिल्ह्यात संगणकांची उपलब्धता आणि पालकांचे हंगामी स्थलांतर या दोन गोष्टींमुळे तो केवळ अध्यापनपद्धतीचा प्रश्न राहत नाही.

उजळणीची परंपरा

मराठीत उजळणी हा शब्द 'उजळणे' या क्रियापदावरून आला आहे. भांडे घासून लखलखीत करावे तसे विस्मरणाने काळवंडलेले ज्ञान पुन्हा चकचकीत करणे, असा त्यामागचा भाव आहे. पाढ्यांच्या पुस्तकालाही पूर्वी उजळणीच म्हणत. ही उजळणी एका सुरात, मोठ्याने आणि सर्वांनी मिळून होत असे, त्यामुळे तिच्यात खेळाचा थोडा अंश आपोआप होता. इतिहासाच्या वाट्याला मात्र सनावळ्यांचे पाठांतर आले. 'इतिहास म्हणजे सनावळ्या' ही तक्रार त्यातूनच रूढ झाली.

खेळातून शिकवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. सोंगट्या व शिड्यांच्या आधारे पापपुण्याची शिकवण देणारा मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संत दासोपंतांची पासोडी प्रसिद्ध आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लेखन व आकृत्यांच्या साहाय्याने मांडला. पासोडी हा खेळ नव्हे, परंतु अवघड विषय डोळ्यांसमोर पसरून दाखवण्याचा तो एक लक्षणीय प्रयत्न आहे.

दहावीच्या विद्यार्थ्याला खेळ आणि इतिहास यांचा संबंध पाठ्यपुस्तकातही भेटतो. २०१८ सालच्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पुस्तकात उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, मनोरंजनाची माध्यमे, पर्यटन यांच्या बरोबरीने खेळ आणि इतिहास असे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

इतिहासवर्गातून जन्मलेला खेळ

संगणकीय खेळ शाळेत बाहेरून आले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या क्षेत्रातील सर्वांत नामांकित खेळांपैकी एक प्रत्यक्ष इतिहासाच्या वर्गासाठीच तयार झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच हे शिकाऊ शिक्षक आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होते. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून पश्चिमेकडील ओरेगन प्रदेशात स्थलांतरित झाली. हा भाग शिकवण्यासाठी बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी १९७१ च्या डिसेंबरमध्ये 'ओरेगन ट्रेल' हा खेळ वर्गात आणला. त्या यंत्राला पडदा नव्हता. विद्यार्थी टंकयंत्रासारख्या दूरमुद्रकावर उत्तर टंकित करीत आणि पुढे काय घडले ते कागदावर उमटत असे. धान्य किती घ्यायचे, दारूगोळा किती घ्यायचा, वाटेत आजार आला तर काय करायचे, असे निर्णय मुलांना घ्यावे लागत.

या खेळाच्या इतिहासातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रॉविच यांनी १९७४ साली राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेसाठी खेळ पुन्हा तयार केला. त्या वेळी त्यांनी प्रवाशांच्या जुन्या नोंदी व रोजनिश्या अभ्यासल्या, आणि वादळ, आजार, गाडी मोडणे यांसारख्या घटना खेळात किती वेळा घडाव्यात याचे प्रमाण त्या नोंदींवरून ठरवले. अशा रीतीने इतिहासाची साधने खेळाच्या गणितात उतरली. खेळ मनोरंजक होण्यापेक्षा हे काम कठीण असते, आणि बहुतेक शैक्षणिक खेळ नेमके येथेच कमी पडतात.

त्याच खेळावर पुढे आक्षेपही घेण्यात आला. खेळाडू नेहमी गोऱ्या स्थलांतरिताच्या बाजूने पाहतो आणि ज्यांची भूमी होती ते मूलनिवासी केवळ वाटेतील प्रसंग ठरतात, असा तो आक्षेप होता. २०२१ साली निघालेल्या नव्या आवृत्तीत मूलनिवासी समाजातील इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. इतिहासाच्या कोणत्याही खेळाला 'कोणाच्या नजरेतून?' हा प्रश्न विचारावाच लागतो.

व्यापारी खेळांतील इतिहास

विद्यार्थी घरी किंवा मित्राकडे जे खेळ खेळतात ते उजळणीसाठी बनवलेले नसतात, तरी त्यांतून इतिहासाच्या कल्पना तयार होतात. 'सिव्हिलायझेशन' (१९९१) या खेळात एक संस्कृती प्राचीन काळापासून अवकाशयुगापर्यंत न्यायची असते. 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) या मालिकेतील एका पुरवणी खेळात १८५७ च्या उठावावर आधारलेली भारतीय मोहीम होती. मराठी वाचकाला विशेष वाटावे असे उदाहरण 'एम्पायर : टोटल वॉर' (२००९) या खेळाचे आहे. अठराव्या शतकातील जगाच्या नकाशावर चालणाऱ्या या खेळात मराठ्यांची सत्ता खेळाडूला स्वतः चालवता येते.

हा खेळ इ.स. १७०० पासून सुरू होतो आणि मराठ्यांना आरंभापासूनच 'मराठा संघ' असे नाव देतो. प्रत्यक्षात १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, औरंगजेब सह्याद्रीतील किल्ल्यांना वेढे घालीत होता, आणि महाराणी ताराबाई राज्याची सूत्रे हाती घेत होत्या. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या सत्ता मिळून ज्याला मराठा संघ म्हणतात ती रचना पेशवेकाळात, पुढील काही दशकांत आकाराला आली. वर्गात हा खेळ दाखवून 'येथे नाव चुकले आहे, का?' असा प्रश्न शिक्षकाने विचारला, तर तीच उत्तम उजळणी होते. प्रश्न न विचारता खेळ नुसता सोडून दिला, तर चुकीचे नाव तेवढे लक्षात राहते.

खेळांभोवती पसरणाऱ्या दंतकथाही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. 'सिव्हिलायझेशन'च्या पहिल्या आवृत्तीत संगणकीय चुकीमुळे महात्मा गांधी अण्वस्त्रे वापरणारे आक्रमक नेते होत, ही कथा जगभर सांगितली गेली. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आत्मचरित्रात अशी चूक नव्हती असे स्पष्ट केले, तरीही कथा टिकून आहे. साधने तपासल्याशिवाय विधान स्वीकारू नये, हा दहावीच्या पहिल्याच प्रकरणातील धडा शिकवायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

युद्ध वगळून केवळ स्थळदर्शन घडवणारे खेळही आहेत. 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेच्या निर्मात्यांनी २०१८ साली टॉलेमींच्या काळातील इजिप्तची मार्गदर्शित सफर स्वतंत्रपणे उपलब्ध केली. महाराष्ट्रातील लेणी, किल्ले व बाजारपेठा यांच्यासाठी त्या दर्जाची निर्मिती झाली तर उपयुक्त ठरेल. तिचा खर्च मात्र शाळांच्या आवाक्यातील नाही.

आठवण्याचे शास्त्र

प्रश्नोत्तरांचे खेळ उपयोगी का ठरतात, याचे उत्तर स्मरणविषयक संशोधनात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की शिकलेले प्रथम वेगाने आणि नंतर सावकाश विसरले जाते, तसेच अंतराअंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. २००६ साली हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक तीनदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला 'मला सगळे येते' असे का वाटते आणि पुढे ते का आठवत नाही, याचा उलगडा या प्रयोगातून होतो.

याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात कार्डांच्या कप्प्यांची पद्धत लोकप्रिय केली. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा परत येते, चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात येते व लवकर विचारले जाते. 'अंकी' (२००६) ही संगणक प्रणाली हेच काम आपोआप करते. चपलेच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे बसवूनही ते तितकेच चांगले होते.

येथे एक बारकावा सुटता कामा नये. रोडिगर व कार्पिकी यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी पर्याय निवडले नव्हते, त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. चार पर्यायांतून एक निवडणे म्हणजे ओळखणे, आणि कोऱ्या कागदावर लिहिणे म्हणजे आठवणे. बहुतेक संगणकीय प्रश्नमंजुषा ओळखण्यापाशी थांबतात.

प्रश्नमंजुषा आणि शालान्त परीक्षा

दहावीला सामाजिक शास्त्रांपैकी इतिहास व राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका ४० गुणांची असते. तिच्या आरंभी योग्य पर्याय निवडण्याचे व चुकीची जोडी ओळखण्याचे प्रश्न असतात. त्यानंतर संकल्पनाचित्र, टिपा, विधान सकारण स्पष्ट करणे, उताऱ्यावरील प्रश्न व सविस्तर उत्तरे येतात. म्हणजे खेळात ज्याचा सराव होतो तो भाग प्रश्नपत्रिकेचा छोटा हिस्सा आहे. प्रश्नमंजुषेत नेहमी पहिला येणारा मुलगा टिपेपाशी अडखळतो, त्याचे कारण येथे सापडते.

चुकीच्या जोडीचे एक परिचित उदाहरण घेता येईल. हेगेल, रांके, हिरोडोटस आणि कार्ल मार्क्स ही चार नावे व त्यांच्यासमोर चार ग्रंथ दिलेले असतात, आणि मार्क्ससमोर 'डिस्कोर्स ऑन द मेथड' हे नाव असते. 'मार्क्सची जोडी चुकीची' एवढे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला गुण मिळतो. तो ग्रंथ रने देकार्तचा आहे, तो १६३७ साली प्रकाशित झाला आणि संशयापासून आरंभ करण्याची त्याची पद्धत पुढे इतिहासलेखनालाही उपयोगी पडली, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. चांगला खेळ गुण देऊन पुढे सरकत नाही. तो लगेच दुसरा प्रश्न विचारतो: 'मग हा ग्रंथ कोणाचा?' आणि त्यानंतर तिसरा: 'त्या ग्रंथाचा इतिहासलेखनाशी संबंध काय, दोन वाक्यांत लिहा.' तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राने तपासण्याची गरज नाही, ते वहीत लिहायचे असते.

प्रचलित साधनांपैकी 'कहूत' हे नॉर्वेत तयार झालेले व २०१३ साली खुले झालेले साधन आणि २०१५ साली बंगळूरमध्ये सुरू झालेले 'क्विझिझ' ही दोन नावे शिक्षकांना परिचित आहेत. 'कहूत'मध्ये प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो आणि सामान्यतः जलद उत्तराला अधिक गुण मिळतात. वर्गात त्यामुळे चैतन्य येते, पण सावकाश विचार करणारा विद्यार्थी मागे पडतो आणि विचार न करता बटण दाबण्याची सवय लागते. इतिहासाच्या प्रश्नांना घाई मानवत नाही, म्हणून गतीचे गुण बंद ठेवणे इष्ट. 'क्विझिझ'मध्ये प्रश्न प्रत्येकाच्या स्वतःच्या पडद्यावर येतो व प्रत्येकजण आपल्या गतीने जाऊ शकतो, परंतु त्यासाठी प्रत्येकाकडे उपकरण असावे लागते.

महाराष्ट्रातील 'तंत्रस्नेही' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकांनी याहून साधे मार्गही वापरले आहेत. 'कौन बनेगा करोडपती'च्या धर्तीवर पॉवरपॉइंटमध्ये बांधलेली प्रश्नमालिका, गूगल फॉर्मवरील चाचणी आणि व्हॉट्सॲप गटांतून फिरणारे चाचण्यांचे दुवे ही त्यांची परिचित रूपे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले. त्यांना २०२० सालचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. अशा कोडमधून पाठावरील ध्वनिचित्रफीत व सराव प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू शकतात.

बीड जिल्ह्याची स्थिती

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोप्यांवर असतो. शालान्त परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे नेमक्या उजळणीच्या महिन्यांत ही कुटुंबे गावाबाहेर असतात. मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर नेली जाते, हेही घडते.

या मुलांच्या दृष्टीने पाहिले की 'संगणकीय खेळ' या शब्दातील संगणक बाजूला पडतो. शाळेतील संगणक कक्ष त्यांच्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर असतो. जवळ असतो तो वडिलांचा भ्रमणध्वनी. तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो, रात्री हाती येतो आणि तेव्हा त्यात वीज किती शिल्लक असेल हे सांगता येत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी केलेल्या खेळाच्या अटी वेगळ्या असतात. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. आकाराने लहान हवा. दहा मिनिटांत एक फेरी पूर्ण झाली पाहिजे आणि मध्येच बंद पडला तर पुन्हा तेथूनच सुरू झाला पाहिजे. चित्रे थोडी असली तरी चालतील. दिल्ली किंवा बंगळूरच्या वर्गासाठी बनवलेला देखणा खेळ यांपैकी बहुतेक अटींत बसत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी डिजिटल शिक्षणाच्या गोष्टी बोलताना या अटींचा विचार क्वचितच केला जातो.

गावातील शाळेत राहिलेल्या मुलांसाठी 'प्लिकर्स' हे साधन सोयीचे ठरू शकते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याजवळ छापील कार्ड असते. कार्डावरील ठसा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि कार्ड ज्या बाजूने वर धरले जाते त्यावरून पर्याय ठरतो. शिक्षक आपल्या एकट्याच्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो व सर्वांची उत्तरे नोंदली जातात. शेजाऱ्याचे उत्तर पाहून आपले कार्ड फिरवणेही सहज जमत नाही, कारण दुसऱ्याच्या कार्डावरून त्याचा पर्याय चटकन कळत नाही. भ्रमणध्वनी नसलेला विद्यार्थी येथे वेगळा पडत नाही. घरात एकच फोन असेल तर तो अनेकदा मुलाच्या हाती जातो व मुलीच्या वाट्याला येत नाही. म्हणून मुलींच्या दृष्टीने कार्डांचा हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

स्थानिक इतिहासाचे प्रश्न

तयार प्रश्नसंच देशपातळीवरचे असतात. 'भारत स्वतंत्र कधी झाला?' या प्रश्नाचे उत्तर १५ ऑगस्ट १९४७ हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या दिवशी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यासाठी क्रम लावण्याचा खेळ निराळा होतो: भारताचे स्वातंत्र्य, नोव्हेंबर १९४७ मधील 'जैसे थे' करार, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई, १७ सप्टेंबरची शरणागती, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात समावेश आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना. ही सहा कार्डे विस्कटून दिली आणि क्रम लावून झाल्यावर प्रत्येक दोन कार्डांमधील 'का?' विचारला, तर आठवीच्या पुस्तकातील अर्धे पान जिवंत होते. शेवटच्या कार्डाशी थांबू नये. स्वातंत्र्याला तेरा महिने उशीर का झाला, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या पिढीचा आहे. आज घरात तिच्याबद्दल कोणी काही सांगू शकत असेल, तर ती मौखिक साधने होत.

या विषयावर युद्धखेळ करण्याचा मोह टाळणे बरे. रझाकारांना मारून गुण मिळवण्याच्या खेळात मुक्तिसंग्रामातील सत्याग्रह, शिक्षणसंस्था आणि भूमिगत कार्य यांना जागा उरत नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांचे अंबाजोगाईतील कार्य शाळेच्या माध्यमातून उभे राहिले होते. तसेच कारवाईनंतर सामान्य मुस्लिम कुटुंबांवर जे अत्याचार झाले, ज्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, तेही अशा खेळात दिसत नाहीत. वर्गात दोन्हीकडच्या घरांतील मुले एका बाकावर बसलेली असतात.

भूमिकेच्या खेळासाठी जिल्ह्यातील उत्तम प्रसंग राक्षसभुवनचा आहे. गेवराई तालुक्यातील गोदावरीकाठच्या या गावी १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे व निजाम यांची लढाई झाली. पानिपताला जेमतेम अडीच वर्षे लोटली होती, माधवराव पेशवे तरुण होते, आणि त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले होते. खेळातील पहिला निर्णय येथेच येतो: पुण्याच्या रक्षणासाठी मागे फिरायचे की निजामाच्या मुलखात शिरायचे? मराठ्यांनी दुसरा मार्ग निवडला. दुसरा टप्पा नागपूरकर जानोजी भोसले यांना निजामाच्या पक्षातून फोडण्याचा आहे. तिसऱ्या टप्प्यात पावसाळ्यातील गोदावरी येते. निजाम नदीपार झाला, दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह दक्षिण तीरावर राहिला, आणि मराठ्यांनी त्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीचे पाणी, पावसाचा महिना आणि फौजेचे दोन भाग ही कारणे विद्यार्थ्याने खेळताना स्वतः हाताळली, तर 'राक्षसभुवनच्या लढाईत मराठ्यांना विजय मिळाला, विधान सकारण स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर त्याला घोकावे लागत नाही. हा खेळ साध्या पॉवरपॉइंटमध्ये, दहा-बारा पानांना दुवे जोडून तयार होतो. खेळाडूने चुकीचा निर्णय घेऊन इतिहास बदलला, तर शेवटी प्रत्यक्षात काय घडले ते पान आलेच पाहिजे, अन्यथा काल्पनिक शेवटच लक्षात राहतो.

मराठीतील तांत्रिक अडचणी

मराठीतून उत्तर टंकित करून घेणाऱ्या खेळात एक अडचण हमखास येते. यंत्र अक्षरशः जुळणी करते आणि मराठी लेखनात एकाच उत्तराची अनेक रूपे असतात. जोतीराव, ज्योतीराव, जोतिबा ही तिन्ही नावे लिहिणारे विद्यार्थी एकाच व्यक्तीबद्दल लिहितात. '१८५७' आणि रोमन अंकांत लिहिलेले तेच वर्ष यंत्राला दोन भिन्न उत्तरे वाटतात. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पडद्यावर सारखाच दिसणारा शब्द त्यामुळे चुकीचा ठरतो, आणि विद्यार्थ्याला आपली चूक काय हे कळतच नाही. शक्य त्या सर्व रूपांची यादी आधी भरून ठेवणे, वर्षासाठी आकड्यांचे बटणफलक देणे किंवा लेखी उत्तरे यंत्राकडून तपासून न घेणे, हे उपाय आहेत. तिसरा उपाय सर्वांत निर्धोक आहे.

आक्षेप व दक्षता

बक्षिसाचा प्रश्न जुना आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्र काढण्यासाठी बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेल्या मुलांनी नंतर आपणहून चित्रे काढण्यात कमी रस घेतला. गुणफलक, पदके व प्रमाणपत्रे यांच्या मागे लागलेल्या वर्गाबाबत ही शंका रास्त आहे. चाचणी सोडवली की आपोआप येणारे रंगीत प्रमाणपत्र हे आता शिकण्याचे साधन न राहता स्वतःच साध्य झाले आहे.

पालकांची भीती वेगळी असते. भ्रमणध्वनीवरील खेळ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर 'पबजी' (ज्यावर २०२० साली भारतात बंदी आली) किंवा पैशांचे खेळ येतात. २०२५ साली संमत झालेल्या ऑनलाइन खेळविषयक केंद्रीय कायद्याने पैशांचे खेळ प्रतिबंधित केले असून शैक्षणिक व सामाजिक खेळांना त्यापासून वेगळे ठेवले आहे. तरीही विनामूल्य खेळांतील जाहिराती मुलांना त्याच वाटेवर नेऊ शकतात, म्हणून जाहिराती नसलेली साधने निवडणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे व भ्रमणध्वनी क्रमांक परक्या संकेतस्थळांवर भरणे हाही तितकाच गंभीर विषय आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. हजेरी क्रमांक किंवा टोपणनाव यांवर खेळ व्यवस्थित चालतो.

विद्यार्थ्यांनी केलेले खेळ

खेळ खेळण्यापेक्षा तो तयार करताना अधिक उजळणी होते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. चार पर्यायांचा प्रश्न करायचा तर तीन चुकीची उत्तरे अशी शोधावी लागतात की ती खरी वाटतील. त्यासाठी पाठ नीट समजलेला असावा लागतो. 'अंबाजोगाईचे निजामकालीन नाव कोणते?' या प्रश्नासाठी 'मोमिनाबाद' हे उत्तर लिहिल्यावर चुकीचा पर्याय म्हणून 'फतेहाबाद' घेतले, तर तेही जिल्ह्यातीलच, धारूरचे जुने नाव असल्याचे कळते. बीडचे कंकालेश्वर मंदिर, धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाईचे आद्यकवी मुकुंदराज यांच्यावरील प्रश्न बाजारातील कोणत्याही संचात मिळत नाहीत, ते वर्गालाच करावे लागतात. स्क्रॅच (२००७) या मुलांसाठीच्या आज्ञावलीतून असे खेळ बांधता येतात, आणि संगणक नसेल तर पोस्टकार्डाच्या आकाराचे कागदही चालतात.

अशा प्रश्नांची छाननी करण्याची एक साधी रीत आहे. प्रश्नाच्या मागच्या बाजूला त्याचे उत्तर कोठे सापडले ते लिहायचे: पाठ्यपुस्तकाचे पान, जिल्हा गॅझेटियर, शिलालेख, किंवा गावातील अमुक वृद्धाने सांगितले. मागची बाजू कोरी असलेला प्रश्न संचात घेतला जात नाही. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही साधने फळ्यावर लिहून कोणते अधिक विश्वसनीय आणि का, याची चर्चा होते, आणि त्या दिवशी खेळ अर्धवट राहिला तरी तासिका वाया गेली असे मानले जात नाही.